दसऱ्याआधी गाडी धुताना

दसरा पंधरा दिवसांवर आला. कुणाची सोयाबीनची मळणी उरकली आहे, कुणाची चालू आहे. कापसाची पहिली वेचणी तोंडावर आहे आणि शाळूच्या रानाची घाई सुरू झाली आहे. या सगळ्या धांदलीत घरोघरी एक काम ठरलेले असते. पोळ्याला जशी बैलांची आंघोळ, तशी दसऱ्याला गाडीची. गावात दावणी कमी झाल्या आणि ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली वाढल्या. पूजा मात्र तीच राहिली. ज्याच्या जिवावर आपले पोट चालते, त्याला वर्षातून एकदा धुऊन-पुसून हार घालायचा.

मागच्या वर्षी याच दिवसांत आमच्या घरी या आंघोळीवरून वाद झाला. नातवाने बोअरला नळी लावली आणि अंगणात गाडीवर पाणी सोडले. गाडी म्हणजे काही थाटाची नव्हे. घरच्यांना दर महिन्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यावे लागते, म्हणून घेतलेली जुनी पांढरी मोटार आहे. नळी अर्धा तास तशीच वाहत होती. सूनबाई घागर घेऊन आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "मामा, उन्हाळ्यात घागर-घागर पाणी आम्ही भरायचं, अन् पावसाळा सरला न सरला की ते गाडीवर ओतायचं, हा कुठला न्याय?"

मला उत्तर सुचले नाही. नातवाने नळी बंद केली खरी, पण तोंड फुगवून म्हणाला, "मग काय गाडी तशीच मळकी ठेवायची का? आबा, तुमच्या जीपचं काय झालं होतं, आठवतंय ना?"

दोघांचेही खरे होते. म्हणून आजचे पान या विषयाला दिले आहे. पाणीही वाचावे आणि गाडीही टिकावी, असा काही मार्ग आहे का? आहे. पण तो सांगण्याआधी जीपची गोष्ट सांगतो. ती माझ्याच चुकीची गोष्ट आहे.

आमच्याकडे एक जुनी जीप होती. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडी मंडळी, सगळे तिच्यातून जायचे. धुण्याची आमची रीत सोपी होती. जीप नदीच्या पात्रात घालायची, कपड्याची पावडर शिंपडायची, गोणपाटाच्या तुकड्याने खसाखसा घासायची आणि उन्हात वाळायला सोडायची. बारा वर्षे हेच केले.

मग २०१६ चा उन्हाळा आला. ते वर्ष आपल्या भागातले कुणी विसरणार नाही. त्याआधीच्या वर्षी, २०१५ मध्ये, परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. जनावरे छावणीला गेली होती. घरात मुलीची फी भरायची होती. जीप विकायला काढली.

घेणारा आला. त्याने इंजिन नंतर पाहिले. आधी अंगठा ओला करून बोनेटवर घासला आणि माझ्यासमोर धरला. अंगठ्यावर चुन्यासारखी भुकटी आली होती. मग मडगार्डच्या खाली हात घालून त्याने पत्र्याचा एक तांबारलेला पापुद्रा काढला. बोलला काहीच नाही. ठरत आलेल्या किमतीतून बारा हजार कमी केले. मला नाही म्हणता आले नाही, कारण गरज माझी होती. त्या वर्षी बारा हजारांत जनावरांचा केवढा कडबा आला असता, हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. गाडीचा रंग म्हणजे हौस नव्हे. रंग हे पत्र्याचे कातडे आहे आणि अडचणीच्या वर्षी तोच आपल्या हातातली किंमत ठरवतो. धान्याला कीड लागू नये म्हणून आपण कणगी लिंपतो, तेवढेच हे व्यवहाराचे काम आहे.

रंग म्हणजे काय?

अलीकडच्या मोटारींवर रंगाचे थर असतात. पत्र्याला धरून राहणारा अस्तराचा थर, त्यावर रंगाचा आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. हे सगळे मिळून जाडी किती? मिलिमीटरचा साधारण आठवा ते दहावा भाग. वरचा पारदर्शक थर तर माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. चकाकी त्याच्यामुळे येते आणि उन्हाचा मारा आधी तोच झेलतो. तो गेला की खालचा रंग फिका पडतो. रंग गेला की पत्रा उघडा पडतो आणि गंज धरतो.

जुन्या जीपगाड्यांवर आणि पुष्कळशा ट्रॅक्टरांवर हा पारदर्शक थर नसतो, रंग एकेरी असतो. ओळखायची खूण अशी. कोपऱ्यात, सहसा दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्याला थोडे मेण किंवा पॉलिश लावून घासून पाहावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तो एकेरी. आमच्या जीपची भुकटी ही उन्हाने मेलेल्या एकेरी रंगाची होती.

आता आपल्याकडे या कातड्यावर काय काय पडते ते पाहा. काळ्या रानाची धूळ तर बाराही महिने. रस्त्याच्या कामावरचा मुरूम आणि खडीची भुकटी. मळणीयंत्राचा भुस्सा. कारखाना सुरू झाला की धुराड्यातून येणारी काजळी आणि बगॅसची राख. परळीच्या बाजूला वीजकेंद्राची राख. ही राख हाताला पिठासारखी मऊ लागते, पण तिच्यात काचेसारखे कठीण कण असतात. कोरड्या फडक्याने ती पुसणे म्हणजे गाडीला बारीक कानस मारणे. सकाळी फडका फिरवून "झाली गाडी साफ" म्हणणाऱ्या मंडळींनी उन्हात तिरके पाहावे. बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील. ते धुळीने पाडलेले नसतात, आपल्या फडक्याने पाडलेले असतात.

पाखरांची विष्ठा याहून वाईट. लिंबाखाली सावलीला गाडी लावतो आणि वर पाखरांचा थवा बसलेला असतो. ती विष्ठा उन्हात वाळली की रंगाला चरे पाडते. ती खरवडू नये. ओला फडका पाच-दहा मिनिटे तिच्यावर ठेवावा, मऊ पडू द्यावी आणि वरच्यावर उचलून घ्यावी. खताची पोती गाडीतून आणत असाल तर तेही ध्यानात असू द्या. पोटॅशच्या खतात क्षार असतो आणि त्याने पत्रा लवकर गंजतो. पोते फुटले तर त्याच दिवशी तेवढी जागा धुऊन, कोरडी करून घ्यावी.

पाण्याचा हिशेब

वाद झाल्यावर मी नळीखाली पंधरा लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ धरले. बादली सव्वा मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला बारा लिटर. वीस मिनिटे नळी चालली तर दोनशे चाळीस लिटर. दर आठवड्याला एकदा धरले तर महिन्याला साडेनऊशे लिटरच्या वर! टँकरच्या दिवसांत एवढ्या पाण्यावर घरचे किती दिवस निघतात, ते सूनबाईंना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता आमची रीत अशी. दोन बादल्या आणि एक हाताने दाबायचा फवारा पंप. पंप नवा, फक्त याच कामाचा. शेतात औषध मारायचा पंप यासाठी घेऊ नये. कितीही धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहतो आणि तो आपल्या हातावर, पोरांच्या अंगावर येतो.

पहिल्याने गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा निवू द्यावा. सकाळची वेळ उत्तम. तापलेल्या पत्र्यावर पाणी जागीच वाळते आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, रांजणाच्या बुडाला पांढरा थर धरतो, तेच पाणी बोनेटवर वाळले की पांढरे डाग सोडते.

दुसरे, पंपाने वरून खाली पाणी मारून धूळ आणि चिखल भिजवावा आणि वाहून जाऊ द्यावा. याला एक पंप, म्हणजे पंधरा लिटर. ही पायरी कुणी चुकवू नये. जो कण पाण्याने गेला, तो घासावा लागत नाही.

तिसरे, एका बादलीत दहा लिटर पाण्यात गाडीचा शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकावा. दुसऱ्या बादलीत दहा लिटर साधे पाणी. मऊ फडका शाम्पूत बुडवून एक भाग पुसावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून पिळावा आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूत घालावा. अशाने माती साध्या पाण्याच्या बादलीत राहते, परत रंगावर येत नाही. आधी टप, मग काचा, बोनेट, डिकी, दारे आणि खालचा भाग शेवटी, कारण खडे तिथेच असतात. चाकांचा फडका वेगळा ठेवावा. हात गोल फिरवू नये, सरळ ओढावा.

कपड्याची पावडर वापरू नये. तिच्यात सोडा असतो. तेलकट सदऱ्याला ती ठीक आहे, पण रंगावरचे मेण ती धुऊन नेते. भांड्याच्या साबणाचेही तेच. राख, माती, काथ्या, गोणपाट यांचे तर नावच नको.

चौथे, पंपाने पुन्हा स्वच्छ पाणी मारावे. हे शेवटचे पाणी पावसाचे साठवलेले असेल तर फार चांगले, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतो. पावसाळ्यात पन्हाळीखालचा एक पिंप यासाठी झाकून ठेवा. आणि लगेच मऊ फडक्याने टिपून घ्या. बाजारात मायक्रोफायबरचे फडके मिळतात, ते पाणी चांगले ओढतात. नसेल तर जुने मऊ धोतर चालेल. मात्र शिवण, गुंडी, जर काढून टाकावी.

सगळे मिळून पन्नास लिटर झाले, म्हणजे चार-पाच घागरी. आणि धुतलेले पाणी विहिरीत, नदीत, जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये. आमचे बांधाच्या कडेच्या झाडाकडे जाते. भाजीच्या वाफ्याकडे नाही.

बोनेटवर पांढरे डाग पडलेच असतील आणि फार जुने नसतील, तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढेच पाणी एकत्र करून फडक्याने लावावे, मिनिटभर थांबून धुऊन टाकावे. डांबराचे काळे ठिपके असतील तर फडक्यावर थोडे डिझेल घेऊन हलके टिपावे आणि तेवढी जागा शाम्पूने धुवावी. हे करताना जवळ चूल, बिडी, काडी नको.

माती नव्हे, क्ले

गाडी धुतली, वाळली. आता एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि बोनेटवरून बोटे हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळते. रवा सांडल्यासारखी खरखर लागली तर समजावे की रंगात बारीक कण रुतले आहेत आणि ते धुण्याने निघणारे नाहीत. त्यात ब्रेकमधून उडालेला लोखंडी चुरा असतो, काजळी असते, झाडाचा चीक असतो. गाडीशेजारी ट्रॉलीची वेल्डिंग केली किंवा ग्राइंडर चालवला असेल तर त्याच्या ठिणग्यांचे कण तर हमखास. हे लोखंडी कण पुढे गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके उठतात.

यावर उपाय म्हणून दुकानात क्ले मिळतो. नावावरून फसू नका! क्ले म्हणजे माती, हे शाळेतल्या पोराने सांगितले, म्हणून आमच्या भावकीतल्या एकाने पोळ्याच्या बैलांची उरलेली माती भिजवून गाडीला चोळली. पुढे काय झाले ते सांगून त्याला दुखवत नाही. दुकानातला क्ले हा कारखान्यात बनवलेला, कणकेच्या गोळ्यासारखा चिकट आणि लवचिक पदार्थ असतो. तो जपानात निघाला आणि १९९० च्या दशकात इतर देशांत पसरला. त्यात अतिशय बारीक खर असते. रंगाच्या वर डोके काढून बसलेला कण तो धरतो आणि उपटून घेतो.

वापरायची रीत अशी. लिंबाएवढा तुकडा तोडून हाताने मळावा आणि भाकरीसारखा चपटा करावा. शाम्पूचे अगदी पातळ पाणी बाटलीने फवारून पत्र्याचा हातभर भाग चांगला ओला करावा. मग क्ले त्यावर पुढे-मागे सरळ सरकवावा. जोर मुळीच देऊ नये. आधी तो अडखळतो, खरखर आवाज येतो, मग आपोआप घसरायला लागतो. घसरला की तेवढा भाग झाला. फडक्याने पुसून घ्यावा, क्ले दुमडून नवी बाजू वर आणावी आणि पुढचा भाग घ्यावा. पाणी कमी पडले की क्ले रंगाला चिकटतो आणि ओरखडतो, म्हणून ओल कायम ठेवावी.

एक नियम कडक पाळावा. क्ले जमिनीवर पडला की टाकून द्यावा. "धुऊन घेतो" म्हणू नये. त्यात रुतलेला एक खडा सगळी गाडी खराब करील. एवढ्यासाठीच आधी लहान तुकडा तोडायचा, म्हणजे पडला तरी तेवढाच गेला.

हे काम वर्षातून एकदा, फार तर दोनदा. क्ले लावल्याने ओरखडे जात नाहीत, एवढेही ध्यानात ठेवा. तो रुतलेले काढतो, खरवडलेले भरत नाही. आणि कणांबरोबर जुने मेणही काढून घेतो. म्हणून क्लेनंतर गाडी उघडी सोडू नये, त्याच दिवशी मेण लावावे.

ज्वारीपासून शिकावे

आता मेणाची गोष्ट. ही आपल्याला कुणी परक्याने शिकवायची गरज नाही.

ज्वारीच्या ताटावरून बोट फिरवा. पानाच्या देठाशी, ताटाला वेढणाऱ्या भागावर पांढरी भुकटी हाताला लागते. लहानपणी आपण तिने कपाळावर आडव्या रेघा ओढल्या आहेत. ती भुकटी म्हणजे मेण. ज्वारी ते स्वतःच तयार करते आणि अंगातली ओल बाहेर जाऊ देत नाही. दुष्काळात मका करपतो तेव्हा ज्वारी तग धरून असते, त्यामागच्या कारणांत हे एक आहे. उसाच्या पेऱ्याखालचा पांढरा पट्टाही मेणाचाच. अळूच्या पानावर पाणी टाका, थेंब मोत्यासारखा पळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. तेही पानावरच्या मेणामुळेच.

गाडीच्या चांगल्या मेणात जे कार्नोबा नावाचे मेण असते, तेही असेच. ब्राझील देशाच्या ईशान्य भागात एक ताडासारखे झाड होते. तो मुलूख आपल्यासारखाच अवर्षणाचा. झाड आपल्या पानांवर मेण धरते, म्हणजे कोरड्या महिन्यांत ओल टिकते. तिथले लोक पाने तोडून उन्हात वाळवतात आणि झोडपून त्यांच्यावरची भुकटी पाडतात. आपल्या मळणीसारखेच काम. ती वितळवून मेण होते. औषधाच्या गोळ्यांना आणि मिठायांना चकाकी आणायलाही तेच वापरतात. मधमाशीचे मेण साधारण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळते. कार्नोबाला ऐंशीच्या वर उष्णता लागते. आपल्या वैशाखात उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटवर हात ठेववत नाही, तिथे हा फरक कामाचा आहे.

तेव्हा दुष्काळी मुलखातल्या झाडाने पाणी आत राखायला जे केले, तेच आपण पाणी बाहेर राखायला करायचे. मेण लावलेल्या रंगावर पाणी थांबत नाही. धूळ, राख, विष्ठा घट्ट धरत नाही, थोड्या पाण्याने सुटते. इथेच सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मेण ही चैन नाही. मेण लावले म्हणून धुणे कमी होते आणि धुणे कमी झाले म्हणून पाणी वाचते.

मेण लावताना हात आखडता घ्यावा. सावलीत, निवलेल्या आणि कोरड्या पत्र्यावर, डबीसोबतच्या स्पंजने अगदी पातळ थर द्यावा. भाकरीला तुपाचा नुसता हात लावतो तेवढा. जाड लावले म्हणून जास्त टिकत नाही, उलट पुसताना घाम निघतो. एका वेळी एकच भाग घ्यावा. डबीवर सांगितलेला वेळ थांबून, मेण धुरकट दिसू लागले की स्वच्छ मऊ फडक्याने पुसून काढावे. काळ्या प्लॅस्टिकच्या भागांना मेण लागू देऊ नये, तिथे पांढरे डाग राहतात. काचेला आणि ब्रेकला तर नकोच. आपल्या उन्हात असे मेण महिना-दोन महिने काम देते. कारखान्यात तयार केलेली मेणे असतात, त्यांना सीलंट म्हणतात, ती जास्त दिवस राहतात. मेण उरले की नाही, हे पाणी सांगते. थेंब गोल उभा राहिला तर आहे, पाणी पसरून बसले तर गेले.

मेण आणि रबिंग एक नव्हे. रबिंगच्या मलमात खर असते, ते रंगाचा वरचा थर खरवडून चकाकी आणते. चकाकी येते, पण थर कमी होतो आणि तो परत येत नाही. दर दसऱ्याला रबिंग करणे म्हणजे दर वर्षी थोडी-थोडी जमीन विकून सण करण्यासारखे आहे. एखादा खोल ओरखडा असेल तर जाणत्या कारागिराकडून तेवढ्यापुरते करून घ्यावे.

ट्रॅक्टरला एवढे सगळे करायचे कारण नाही. पण धुतल्यावर बोनेट आणि मडगार्ड यांना वर्षातून दोनदा मेणाचा हात द्यावा. रंग जिथे उडाला आहे तिथे आधी गंज घासून अस्तर आणि रंगाचा हात मारावा. गंजावर मेण लावून गंज थांबत नाही.

पूजेच्या दिवशी

एक गोष्ट माता-भगिनींसाठी. दसऱ्याला हळद-कुंकू रंगावर लावू नये. कुंकवाचे पाणी पांढऱ्या गाडीवर दोन दिवस राहिले तर लाल छटा उरते. काचेवर स्वस्तिक काढावे, देवाला तेवढेच पोचते. झेंडूचा हार बोनेटवर सुकेपर्यंत ठेवू नये, संध्याकाळी उतरवावा. नारळ फोडताना पाणी पत्र्यावर उडाले तर लगेच पुसून घ्यावे.

आमच्या घरी गेल्या दसऱ्यापासून ही रीत चालू आहे. आठवड्याचे धुणे पंधरवड्यावर आले. साडेनऊशे लिटरच्या जागी महिन्याला शंभर लिटर लागतात. आणि आणखी एक बदल झाला, तो मी लिहिल्याशिवाय राहत नाही. ते शंभर लिटर आता नातू स्वतः भरतो. गाडी ज्याला चमकवायची आहे त्यानेच घागर उचलायची, असे घरात ठरले आहे. पहिल्या दोन खेपांनंतर त्याला पाण्याची किंमत कळली आणि आता तोच नळीला हात लावू देत नाही.

गेल्या आठवड्यात मी सूनबाईंना विचारले, "आता तरी पटलं का?" त्यांनी बोनेटवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब गोल होऊन पळाला. म्हणाल्या, "पटलं मामा. पण धुतल्यालं पाणी त्या कडुलिंबाला जाऊ द्या, अंगणात चिखल नको."

तेवढे आम्ही करतो आहोत.